शून्याचे मानकरी

मेलबर्न १९५६, रोम १९६०, टोकियो १९६४. तीन ऑलिंपिक आणि तिन्ही वेळा हॉकीच्या अंतिम सामन्यात भारत आणि पाकिस्तान समोरासमोर. तेव्हा सामना ७० मिनिटांचा असे. म्हणजे एकूण २१० मिनिटं. एवढ्या वेळात पाकिस्तानला भारताच्या गोलात चेंडू फक्त एकदा घालता आला. तिन्ही वेळा गोलात एकच माणूस उभा होता. त्याचं नाव शंकर लक्ष्मण.

हे नाव गेल्या काही महिन्यांत मी बऱ्याच जणांपुढे टाकून पाहिलं. क्रिकेटखेरीज दुसरं काही न पाहणाऱ्यांना ते ठाऊक नसणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण हॉकी आवडीने पाहणारे, ध्यानचंद, बलबीर सिंग, धनराज ही नावं घडाघडा घेणारे लोकही या नावापाशी थबकले. काहींनी विचारलं, "आडनाव काय?" प्रश्न आपल्याकडच्या सवयीचाच आहे. शंकर लक्ष्मण हे नाव मराठी कानाला अर्धवट वाटतं. स्वतःचं नाव झालं, वडिलांचं झालं, पुढचं कुठे गेलं? आडनाव शेखावत होतं. ते धावफलकावर कधी आलं नाही, वर्तमानपत्रातही फारसं आलं नाही. आणि जे दोन शब्द आले तेही आता पुसट झाले आहेत.

मी या लेखाला बसलो तो उपेक्षित हॉकीपटूंवर लिहायचं म्हणून. नावं जमवायला लागलो तेव्हा लक्षात आलं की वहीत आघाडीवीर थोडे आणि गोलरक्षक फार. मग बाकीचे बाजूला ठेवले आणि गोलाच्या फळीपुढे उभ्या राहणाऱ्यांच्याच मागे लागलो.

गोल करणाऱ्याचं नाव नोंदलं जातं. अडवणाऱ्याचं नाव नोंदायला रकानाच नसतो. यंदाच्या पावसाळ्याआधी खडकीजवळच्या एका मुरमाड मैदानावर शाळाशाळांचा सामना पाहत होतो. सामना संपल्यावर टेबलावरचा कागद मागून घेतला. संघांची नावं, खेळाडूंचे क्रमांक, गोल कोणाचा, कितव्या मिनिटाला, कार्ड कोणाला, पंच कोण, सगळं होतं. निकाल १-०. ज्या मुलाने शेवटच्या दोन मिनिटांत लागोपाठ तीन पेनल्टी कॉर्नर परतवले, त्याच्या क्रमांकापुढची जागा कोरी होती. त्यात कोणाची चूक नव्हती. कागद तसाच छापलेला होता.

महू म्हटलं की मराठी माणसाला बाबासाहेब आठवतात. १८९१ साली त्यांचा जन्म या छावणीच्या गावात झाला. याच महूने भारतीय हॉकीला दोन मोठी माणसं दिली. एक किशनलाल, १९४८च्या लंडन ऑलिंपिकचे कर्णधार. ते पुढे मुंबईत आले आणि बी. बी. अँड सी. आय. रेल्वेकडून खेळले. दुसरे शंकर लक्ष्मण, जन्म १९३३. छावणीच्या गावात खेळ पोरांच्या अंगात आपोआप मुरतो. पलटणी बदलतात, मैदानं राहतात. शंकर सुरुवातीला फुटबॉल खेळायचे. गोलरक्षकाला हॉकीची काठी हातात धरावी लागते खरी, पण त्याचं बरंचसं काम पायांनी होतं. त्यामुळे फुटबॉलचा पाय वाया गेला नाही.

१९४७ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते सैन्यात भरती झाले. भरती झाले ते बंदूक धरायला नाही, बँडमध्ये. पलटण होती मराठा लाइट इन्फंट्री, जिचं केंद्र बेळगावात आहे. माळव्यातला राजपूत मुलगा मराठा पलटणीच्या बँडमध्ये वाजवायला लागला आणि त्याच पलटणीने त्याला हॉकीच्या गोलात उभं केलं. १९७९ साली निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खांद्यावर कॅप्टनचा हुद्दा होता. मराठा पलटणीच्या शौर्यकथा आपण अभिमानाने सांगतो. त्यांत या माणसाचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. त्या यादीत ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मेलबर्नला ते तेवीस वर्षांचे होते. त्या ऑलिंपिकमध्ये भारताने अफगाणिस्तानवर १४, अमेरिकेवर १६ आणि सिंगापूरवर ६ गोल केले. हे आकडे पाहिले की गोलरक्षक झाडाखाली बसला असेल असं वाटतं. पण पुढे उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध १-० आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध १-०. पाकिस्तानविरुद्धचा तो एक गोल रणधीर सिंग जेंटल यांचा. संपूर्ण स्पर्धेत भारताचे ३८ गोल, भारतावर शून्य. आपण ३८ मोजतो. पण सुवर्णपदक ज्या दोन सामन्यांत खरोखर पणाला लागलं होतं, तिथे भारताचे गोल मिळून दोनच झाले. पदक राखलं ते त्या शून्याने.

रोममध्ये तेच उलटं झालं. नसीर बुंदांनी पूर्वार्धात गोल केला आणि तो फेडता आला नाही. १९२८पासून ऑलिंपिकमध्ये सलग ३० सामने जिंकत आलेला भारत त्या दिवशी हरला. एक गोल खाल्ला, एवढ्यावर गोलरक्षकाचा हिशेब झाला. आघाडीच्या पाच जणांना सबंध सामन्यात एकही गोल करता आला नाही, हा हिशेब कुणी कुणाकडे मागितला नाही.

मग टोकियो. २३ ऑक्टोबर १९६४. पृथीपाल सिंगांचा पेनल्टी कॉर्नरवरचा फटका पाकिस्तानच्या मुनीर दर यांनी गोलरेषेवर पायाने अडवला, भारताला पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदर लाल यांनी तो गोलात घातला. १-०. त्यानंतर पाकिस्तान चवताळून अंगावर आला आणि शंकर लक्ष्मण उभे राहिले. उभे राहिले, म्हणजे काय हे एकदा नीट पाहू.

गोल ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच. चेंडू दीडशे ग्रॅमच्या वरचा आणि दगडासारखा कठीण. त्या काळच्या गोलरक्षकाच्या पायांना क्रिकेटसारखे पॅड, बुटांवर चामड्याचे किकर, हातात मोजे, बस. डोकं उघडं, चेहरा उघडा, छाती उघडी. आजचा गोलरक्षक शिरस्त्राण, गळ्याचं कवच, छातीचं कवच, मांड्यांचे गादीवजा पट्टे आणि हातांना फळ्यांसारखे ब्लॉकर बांधून उतरतो, तरी पेनल्टी कॉर्नरला त्याच्या पोटात गोळा येतो. मैदान तेव्हा गवताचं होतं. गवतावर चेंडू सरळ येत नाही, खड्ड्यावर उडतो, ओल्या जागी थांबतो. डोळ्यांनी दिशा ठरवून पाय टाकावा आणि चेंडू गुडघ्याऐवजी कपाळाकडे यावा, असं नेहमीचं होतं. शंकर लक्ष्मण यांच्याबद्दल जुने लोक जे सांगतात त्यात एक गोष्ट सारखी येते: ते उड्या मारत नसत. चेंडू जिथे येणार तिथे ते आधीच पोचलेले असत. त्यामुळे त्यांचा बचाव बघणाऱ्याला सोपा वाटे. ही मोठी अडचण आहे. जो गोलरक्षक अंग झोकून देतो त्याचा फोटो निघतो. जो योग्य जागी उभा असतो त्याच्या पायावर चेंडू येऊन आपटतो आणि लोकांना वाटतं, फटकाच चुकला.

१९६६ साली ते भारताचे कर्णधार झाले. गोलरक्षकाकडे संघाचं नेतृत्व द्यायचं, हे तोवर कुणी केलं नव्हतं. १९५८ आणि १९६२ या दोन्ही आशियाई स्पर्धांमध्ये त्यांच्या गळ्यात रुपेरी पदक पडलं होतं, दोन्ही वेळा पाकिस्तानमुळे. १९६६च्या बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत मात्र अंतिम सामन्यात जादा वेळेत भारताने पाकिस्तानला १-० असं हरवलं. आशियाई स्पर्धेतलं हॉकीचं भारताचं ते पहिलं सुवर्ण. अर्जुन पुरस्कार १९६४मध्ये मिळाला होता, १९६७ला पद्मश्री मिळाली. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकला त्यांची निवड झाली नाही. तिथे भारत पहिल्यांदाच अंतिम फेरीबाहेर राहिला आणि कांस्यावर समाधान मानून परतला. शंकर लक्ष्मण पुन्हा भारताकडून खेळले नाहीत.

२९ एप्रिल २००६ला महूमध्ये ते गेले. पायाला गँगरीन झालं होतं. ज्या पायाने दहा वर्षं भारताचा गोल राखला, तोच पाय.

थोडं मागे जातो, कारण ही गोष्ट त्यांच्यापासून सुरू होत नाही. सुरू होते नागपूरपासून. रिचर्ड अ‍ॅलन यांचा जन्म १९०२ साली नागपुरात झाला. शिक्षण उत्तरेकडच्या डोंगरातल्या शाळांमध्ये, खेळ पुढे बंगालमध्ये. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारत पहिल्यांदा हॉकीत उतरला तेव्हा गोलात हे अ‍ॅलन होते. पाच सामने, भारताचे २९ गोल, विरुद्ध शून्य. त्या २९पैकी १४ ध्यानचंद यांचे, हे प्रत्येक शाळकरी पुस्तकात असतं. शून्य कोणाचं, ते नसतं. अ‍ॅलन १९३२ला लॉस एंजेलिसला गेले, १९३६ला बर्लिनला गेले आणि तीन सुवर्णपदकं घेऊन आले. तीन ऑलिंपिकमध्ये मिळून त्यांच्यावर गोल झाले दोन: एक अमेरिकेचा, एक बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा.

यातला अमेरिकेचा गोल फार प्रसिद्ध आहे. भारताने तो सामना २४-१ असा जिंकला. तो एक गोल झाला तेव्हा अ‍ॅलन गोलाच्या मागे प्रेक्षकांना सह्या देत होते, अशी कथा सांगितली जाते. कथा मजेदार आहे, सगळ्यांना आवडते. मला ती वाचताना दरवेळी वाईट वाटतं. तीन सुवर्णपदकांच्या कारकिर्दीतून लोकांनी नेमकं काय उचललं, तर जो गोल त्याने खाल्ला तो. विदर्भाने तरी या माणसाला आपला म्हणायला हवं. नागपुरात जन्मलेला, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकलेला माणूस आणखी किती जणांना माहीत आहे?

ध्यानचंदांच्या आत्मचरित्राचं नावच 'गोल' आहे. त्या नावात गैर काही नाही, ते गोल करण्यातले बादशहाच होते. पण आपल्या हॉकीची सगळी आठवणच त्या एका शब्दाभोवती रचली गेली. १९५२च्या हेलसिंकीत अंतिम सामन्यात बलबीर सिंगांनी पाच गोल केले, तो विक्रम अजून सांगतात. त्या संघाच्या गोलात रंगनाथन फ्रान्सिस होते. १९४८, १९५२ आणि १९५६ अशा तिन्ही सुवर्णविजेत्या संघांत ते होते. बलबीर सिंगही नेमक्या याच तीन संघांत होते. पदकं सारखी, वर्षं सारखी. एकाच्या नावाने पुरस्कार आहेत, दुसऱ्याचं नाव सांगितलं तर लोक विचारतात, कोण?

१९४८च्या लंडनच्या संघात फ्रान्सिस यांच्याबरोबर दुसरे गोलरक्षक होते मुंबईचे लिओ पिंटो. त्या संघावर मुंबईची दाट छाप होती. वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, रेजिनाल्ड रॉड्रिग्ज, मॅक्सी वाझ ही नावं वाचली तरी आगा खान चषकाच्या काळातली मुंबई डोळ्यांपुढे येते. गोवेकरांचे, पारशांचे, रेल्वेचे, पोलिसांचे, टाटांचे संघ. वेम्बलीच्या ओल्या मैदानावर भारताने ब्रिटनला ४-० हरवलं. देश स्वतंत्र होऊन वर्ष व्हायला तीन दिवस बाकी होते. ज्यांनी दीडशे वर्षं राज्य केलं त्यांना त्यांच्याच राजधानीत एकही गोल करू द्यायचा नाही, या शून्याची किंमत त्या चार गोलांहून कमी कशी म्हणायची?

हे सगळे व्यावसायिक खेळाडू होते का, असा प्रश्न कुणी विचारेल. आपल्याकडे हॉकीत व्यवसाय म्हणजे नोकरी. सैन्य, रेल्वे, पोलीस, कस्टम्स, बँक, विमान कंपनी. खेळावर नोकरी मिळायची, खेळावर बढती मिळायची आणि खेळ सुटला की माणूस टेबलामागे बसायचा. हॉकी इंडिया लीगसारख्या लिलावाच्या स्पर्धा २०१३पासूनच्या. त्याआधीच्या माणसाची सगळी कमाई म्हणजे पगार, पेन्शन आणि कपाटातली पदकं. त्यातही गोलरक्षकाचं आणखी एक दुखणं आहे. आघाडीला, मधल्या फळीला, बचावाला मिळून दहा जागा. गोलात एक. पहिल्या क्रमांकाचा गोलरक्षक दहा वर्षं टिकला, तर दुसऱ्याची दहा वर्षं बाकावर जातात. दुसऱ्या जागी बदली म्हणून तो खेळूही शकत नाही.

आणि त्या एका जागेवर उभं राहून जर वाईट दिवस आला, तर?

१ डिसेंबर १९८२. दिल्लीच्या आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, समोर पाकिस्तान, प्रेक्षकांत पंतप्रधान इंदिरा गांधी. घरोघरी टीव्ही नव्याने आलेले, रंगीत चित्र पहिल्यांदा दिसत होतं. पहिला गोल भारताचा झाला. मग पाकिस्तानने सात केले. गोलात होते मीर रंजन नेगी. समोर हसन सरदार, कलीमुल्ला, हनीफ खान, जगातली त्या वेळची सर्वांत धारदार आघाडी. भारताचा बचाव पुढे सरकलेला, मधल्या मोकळ्या जागेतून एकामागून एक माणूस चेंडू घेऊन एकटा गोलरक्षकापुढे येतोय. हॉकी खेळलेल्या कुणालाही विचारा, असा एकटा सुटून आलेला आघाडीवीर दहांपैकी बहुतेक वेळा गोल करतो. पण टीव्हीवर दिसला तो फक्त शेवटचा क्षण: चेंडू आत जातोय आणि नेगी आडवे पडलेत. सात वेळा तेच चित्र.

नेगींवर आरोप झाला, पैसे खाल्ल्याचा, देश विकल्याचा. काहीही कधी सिद्ध झालं नाही. सिद्ध व्हायची कुणाला गरजही वाटली नाही. ते पुन्हा भारताकडून खेळले नाहीत. इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. अकरा जणांच्या संघाने खाल्लेले सात गोल एका माणसाच्या कपाळी लिहिले गेले, कारण आपल्याला गोलरक्षकाकडे पाहायची सवय फक्त तेव्हाच आहे, जेव्हा चेंडू त्याच्या मागे असतो.

त्याच दिल्लीत, त्याच स्पर्धेत भारताच्या महिला हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धेत महिलांची हॉकी तेव्हा पहिल्यांदाच खेळवली जात होती. कर्णधार होत्या पुण्याच्या एलायझा नेल्सन. पुरुषांच्या सात गोलांच्या धुरळ्यात हे सुवर्ण असं काही गाडलं गेलं की पुण्यातसुद्धा ते आठवणारे आज थोडे भेटतात.

पुढे २००७ साली 'चक दे! इंडिया' आला. त्यातल्या अभिनेत्रींना हॉकी शिकवायला नेगीच होते. चित्रपट त्यांची चरित्रकथा नव्हे. पण पाकिस्तानविरुद्ध हरलेला, गद्दार ठरलेला आणि महिला संघाचा प्रशिक्षक म्हणून परत आलेला खेळाडू पाहून लोकांनी त्यात नेगीच पाहिले. एक फरक मात्र फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पडद्यावरचा कबीर खान गोलरक्षक नाही. तो आघाडीचा खेळाडू आहे आणि त्याच्या हातून पेनल्टी स्ट्रोक चुकतो. कथेतल्या कलंकित नायकालासुद्धा गोल करणारा व्हावं लागलं.

नेगी खरोखर परतले ते १९९८ला, गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून. बँकॉकची आशियाई स्पर्धा. कर्णधार खडकीचे धनराज पिल्ले. गोलात मुंबईत जन्मलेले आशिष बल्लाळ. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी १-१ असा सुटला आणि प्रकरण पेनल्टी स्ट्रोकवर गेलं. पेनल्टी स्ट्रोक म्हणजे ६.४० मीटरवरून, समोर फक्त गोलरक्षक, आणि चेंडू मारला जाईपर्यंत त्याने पाय हलवायचा नाही. डोळ्यांनी काठीचा कोन वाचायचा, एवढंच हातात. बल्लाळांनी स्ट्रोक अडवले आणि भारताने ते ४-२ असे जिंकले. ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण. परत आल्यावर काही दिवसांतच बल्लाळ, धनराज आणि आणखी काही जण संघाबाहेर गेले. धनराज पुढे परतले, त्यांच्यासाठी लोक बोलले, लिहिले. बल्लाळांसाठी तेवढं कुणी बोललं नाही.

आता जरा हिशेब मांडून पाहा. आशियाई स्पर्धेतली पुरुष हॉकीतली भारताची पहिली तीन सुवर्णं. १९६६, बँकॉक: कर्णधार गोलरक्षक, अंतिम सामना १-०. १९९८, बँकॉक: बरोबरी, मग गोलरक्षकाने अडवलेले स्ट्रोक. २०१४, इंचिऑन: पाकिस्तानशी १-१ बरोबरी, शूटआउटमध्ये पी. आर. श्रीजेश यांनी दोन अडवले आणि ४-२. अठ्ठेचाळीस वर्षांत तीनदा सोनं, आणि तिन्ही वेळा शेवटचा दरवाजा धरून ठेवणारा गोलरक्षकच. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. बरोबरीच्या तोडीचे संघ भिडतात तेव्हा गोल होत नाहीत. न होणं घडवून आणावं लागतं.

१९७२चं म्युनिकचं कांस्य घ्या. कांस्यपदकाच्या सामन्यात भारताने नेदरलँड्सला २-१ हरवलं. गोलात मॅन्युएल फ्रेडरिक, कण्णूरच्या किनाऱ्यावरचा मुलगा, सैन्याकडून हॉकी खेळलेला. ऑलिंपिक पदक मिळवणारे ते केरळचे पहिले. देशाने त्यांना ध्यानचंद पुरस्कार दिला तो २०१९ साली. मधे ४७ वर्षं गेली. त्या पुरस्कारावरचं नावही एका आघाडीवीराचं.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण तर कालपरवाचं आहे. २०१७ साली श्रीजेश दुखापतीमुळे बाहेर होते. त्या वर्षी ढाक्यात भारताने आशिया चषक जिंकला, भुवनेश्वरला वर्ल्ड लीगच्या अंतिम स्पर्धेत कांस्य मिळवलं. दोन्ही ठिकाणी गोल सांभाळायला दोघे होते: यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. भारताच्या संघातले दोन्ही गोलरक्षक महाराष्ट्राचे! भुवनेश्वरला बेल्जियमविरुद्ध सामना ३-३ सुटला, शूटआउटला गेला. तिथे आघाडीवीर २३ मीटरवरून चेंडू घेऊन निघतो, त्याला आठ सेकंद, आणि गोलरक्षकाने पुढे यायचं की मागे राहायचं हे त्याच आठ सेकंदांत ठरवायचं. यवतमाळच्या पोराने ऑलिंपिक रौप्यविजेत्या बेल्जियमला त्या रात्री थोपवलं. यवतमाळात त्याच्या स्वागताला किती माणसं जमली होती हे मी विचारायला गेलो नाही. उत्तराची भीती वाटली.

श्रीजेश आणि महिला संघाच्या गोलरक्षक सविता पुनिया यांनी मात्र काही बदललं, हे मान्य करायलाच हवं. एर्नाकुलमजवळच्या किळक्कंबलमचे श्रीजेश. मुलाला पॅड घेता यावेत म्हणून वडिलांनी गाय विकली, हे त्यांनीच अनेकदा सांगितलं आहे. गोलरक्षकाचं सामान महाग असतं, आजही. आघाडीवीराचं पोरगं एका काठीवर सुरुवात करतं. गोलरक्षकाच्या पोराला आधी अंगभर कवच लागतं. म्हणून बहुतेक शाळांत एकच संच असतो, दरवर्षी नव्या मुलाला घट्ट किंवा सैल, घामाने आंबलेला, पट्टे तुटलेला, सुतळीने बांधलेला. टोकियोत ५ ऑगस्ट २०२१ला जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी असताना, सहा सेकंद उरले असताना पेनल्टी कॉर्नर श्रीजेश यांनी अडवला आणि ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं. मग ते गोलाच्या आडव्या दांड्यावर चढून बसले. तो फोटो सगळ्या देशाने पाहिला. गोल राखणाऱ्याचा फोटो पहिल्या पानावर. त्याच टोकियोत सविताने ऑस्ट्रेलियाचे पेनल्टी कॉर्नर एकामागून एक परतवले आणि भारतीय महिला पहिल्यांदा उपांत्य फेरीत गेल्या, १-०. पॅरिस ऑलिंपिकनंतर श्रीजेश निवृत्त झाले तेव्हा त्यांचा १६ क्रमांकही संघाने निवृत्त केला. जगातल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान दोघांनाही तीन-तीन वेळा मिळाला.

याचा मला मनापासून आनंद आहे. आणि त्या आनंदातच महूचा तो गोलरक्षक आठवतो. फोटो नव्हता म्हणून बचाव झालाच नव्हता असं नाही. टोकियोतच, त्याआधी ५७ वर्षं, दुसऱ्या एका माणसाने १-० राखून धरला होता.

खडकीजवळच्या त्या मैदानावर सामना संपल्यावर मी थोडा थांबलो होतो. गोल करणाऱ्या मुलाला पोरांनी खांद्यावर घेतलं, घोषणा झाल्या, वडापाव आले. गोलरक्षक मुलगा कडेला बाकावर बसला होता. गोलरक्षकाला आवरायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. आधी शिरस्त्राण. मग ब्लॉकर. छातीचं कवच काढताना आतला शर्ट अंगाला चिकटून वर आला, पोटावर चेंडूचा गोल लाल वळ होता, कडेला निळा पडायला लागलेला. किकरचा एक पट्टा गाठ बसून अडकला होता. तो दातांनी सोडवायला लागला. सुटेना. मी जाऊन खाली बसलो आणि पट्टा धरला. त्याने पाय पुढे केला. किकरवर तीन ताजे पांढरे ठसे होते, चेंडूच्या रंगाचे, एक अंगठ्यापाशी, दोन आतल्या बाजूला.

"हे तीन शेवटचे ना?" मी विचारलं.

त्याने वाकून पाहिलं, अंगठ्याने एक ठसा पुसायला गेला आणि मग हात मागे घेतला. "हो," म्हणाला, "राहू दे."